गार्मिनचा छोटा रडार क्रोनो: सहाशे डॉलर गेले, पण स्पीडचं खूळ उतरलं

घेऊ का नको, घेऊ का नको करत दीड वर्ष काढलं आणि शेवटी गेल्या मे महिन्यात गार्मिनचा झीरो सी१ प्रो घेऊन टाकला. क्रोनोग्राफ आहे हा, म्हणजे रायफलमधून सुटलेली गोळी किती वेगाने जाते ते मोजायचं यंत्र. २०२३च्या शेवटी बाजारात आला तेव्हा किंमत ६०० डॉलरला एक सेंट कमी, आणि मीही तेवढेच मोजले. सहा महिने, साधारण चारशे राऊंड आणि एक हरणांचा सीझन वापरून झाला, आता बोलायला हरकत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. आपल्याकडे शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि बंदच बरी आहे, आणि घरी काडतुसं भरायची तर लायसन्सशिवाय विचारूसुद्धा नका, आर्म्स अॅक्ट आहे. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो, इथे नोव्हेंबरात हरणांची नऊ दिवसांची गन सीझन असते, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होते, आणि अख्खं राज्य भगवी जॅकेटं घालून रानात जाऊन बसतं. (भगवी म्हणजे ब्लेझ ऑरेंज. २०१६पासून गुलाबीसुद्धा चालतं, पण आमच्या गावात अजून कोणी धाडस केलेलं मी पाहिलं नाही.) हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि शेजारच्या आजोबांच्या नादाने रानात जायला लागलो. त्याच्या पुढच्या वर्षी तळघरात प्रेस बसवली आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरायला लागलो. तिथून हे खूळ सुरू झालं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. झाडलेल्या काडतुसाची पितळी केस टाकून द्यायची नाही, ती साफ करायची, प्रेसमध्ये डाय लावून पुन्हा मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) बसवायचा, मोजून बंदुकीची दारू, म्हणजे पावडर, घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. प्रेस म्हणजे काय तर गावाकडचा हापसा, दांडा खाली, दांडा वर, पाण्याऐवजी काडतूस येतं इतकाच फरक. आईचा फोन एकदा नेमका त्याच वेळी आला आणि मी सवयीने "दारू मोजतोय गं, नंतर करतो" म्हणून ठेवला, त्याचं स्पष्टीकरण मला अजून द्यावं लागतंय.

मोजमाप सगळं ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आमच्या आजोळी सराफी होती त्यामुळे मला हे भलतंच जवळचं वाटलं, कारण जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, आणि ९६ गुंजांचा तोळा धरला तर एक ग्रेन अर्ध्या गुंजेपेक्षा किंचित जास्त. म्हणजे मी वापरतो ती १६५ ग्रेनची गोळी तोळ्याला थोडी कमी. आणि दारू मोजताना आपण ग्रेनच्या दहाव्या भागाचा विचार करतो. आजोबा (सराफ आजोबा, शेजारचे नव्हेत) असते तर म्हणाले असते, ह्या मापात माझा नातू सोनं विकत नाही, उडवतो.

माझी रायफल ३०८ विंचेस्टरची. १९५२ सालचं काडतूस आहे, जुनं, शांत, सगळीकडे मिळणारं, आणि त्यात खरं तर डोकं चालवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण मी चालवलं. रीलोडिंगच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक गोळीपुढे आणि प्रत्येक पावडरपुढे दोन आकडे असतात, सुरुवातीचा चार्ज (म्हणजे किती दारू घालायची ते) आणि कमाल चार्ज, आणि पुढे त्याचा वेग. माझ्या गोळीपुढे सगळ्यात वर २७३० लिहिलेलं होतं, फूट प्रति सेकंद, आणि माझ्या डोक्यात तो आकडा असा बसला की जणू दहावीचा कटऑफ. पान नीट वाचलं असतं तर कळलं असतं की त्यांची टेस्टची नळी २४ इंची आहे आणि माझी २२ इंची. दर इंचामागे साधारण वीस-पंचवीस फूट वेग जातो, म्हणजे तो आकडा मला मिळणारच नव्हता, आणि मिळाला तर ती आनंदाची बातमी नसून काहीतरी चुकतंय याची खूण असणार होती. पण हे शहाणपण नंतरचं.

त्या आधी माझ्याकडे जुन्या पद्धतीचा क्रोनो होता, दोन पडदे, वर प्लास्टिकच्या छत्र्या, त्यांच्यामधून गोळी घालवायची, सावली पडली की घड्याळ चालू, दुसरी सावली पडली की बंद. ऊन जास्त झालं तर आकडा येत नाही, ढग आले तर येत नाही, आणि तो बेंचपासून दहा-बारा फूट पुढे ठेवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्या रेंजला थांबवून पुढे जाऊन तिवई सरळ करा, लोक घड्याळाकडे बघत उभे. शेवटी काय व्हायचं ते झालं, एका रविवारी मी दुर्बिणीतून बघत होतो, दुर्बीण नळीपेक्षा दीड इंच वर असते हे विसरलो, आणि क्रोनोच्या बरोबर कपाळात गोळी घातली. ग्रुप (म्हणजे टार्गेटवर भोकं किती जवळजवळ पडली ते) मात्र छान होता. शंभर टक्के माझी चूक, कंपनीचं नाव घेत नाही, क्रोनो बिचारा मेला. नळीला पट्ट्याने बांधायचा एक प्रकारही मिळतो, पण नळीला वजन लटकवलं की गोळी दुसरीकडे जाते, म्हणजे वेग मोजायचा एका दिवशी आणि ग्रुप बघायचा दुसऱ्या दिवशी. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने लाकडाचा ठोकळा टांगून, त्यात गोळी मारून, तो किती झुलतो त्यावरून वेग काढला होता. माझ्या पडद्यांच्या क्रोनोपेक्षा त्याचा ठोकळा जास्त टिकाऊ असावा असं मला फार वाटतं.

तर गार्मिन. डबी उघडली तेव्हा पहिली रिअॅक्शन, एवढासा? तळहातावर मावतो, मोठ्या काडेपेटीएवढा, सोबत छोटी तिवई आणि यूएसबी-सी केबल. आत डॉप्लर रडार आहे, एक्सप्रेसवेवर पोलीस ज्याने आपल्याला पकडतात त्याच तत्त्वावर. बेंचवर नळीच्या बाजूला वीतभर अंतरावर ठेवायचा, तोंड टार्गेटकडे, रायफल मोड निवडायचा, गोळीचं वजन टाकायचं आणि विसरून जायचं. पुढे काही ठेवायचं नाही, कोणाला थांबवायचं नाही. १०० ते ५००० फूट प्रति सेकंद एवढी रेंज आहे, म्हणजे धनुष्यबाणापासून सगळं त्यात बसतं. भर उन्हात स्क्रीन दिसते, उलट जास्त छान दिसते. शेजारच्या बेंचवर एक दादा मझल ब्रेकवाली (नळीच्या तोंडाला झटका कमी करणारा तुकडा लावलेली) भलीमोठी रायफल झाडत होता, माझ्या पायाखालची माती उडत होती, तरी ह्याने त्याची एकही गोळी माझ्या खात्यात टाकली नाही. बॅटरी कंपनी म्हणते दोन हजार शॉट, मी तेवढे एका चार्जवर कधीच मारणार नाही, त्यामुळे त्या दाव्याला माझा हात जोडून नमस्कार. फोनवर अॅप आहे, सगळे सेशन तिथे जातात, सरासरी, एसडी, ईएस (ही काय भानगड ते पुढे येईलच), एनर्जी सगळं काढून देतो.

मशीनबद्दल बोलायचं तर एवढंच आहे खरं. पुढचं सगळं मशीनने मला काय दाखवलं त्याबद्दल आहे.

ऑगस्टमधला शनिवार, ८७ डिग्री, म्हणजे आपले ३०-३१, घाम डोळ्यात. सोबत मॅन्युअलच्या खालच्या आकड्यापासून थोडं थोडं वाढवत भरलेली पाच-पाच काडतुसांची पाच पाकिटं. (चार्ज किती ते इथे लिहिणार नाही, कमेंटमध्येही विचारू नका. माझी रायफल वेगळी, तुमची वेगळी, मॅन्युअल उघडा आणि खालून सुरू करा.) पहिलं पाकीट २५४०. दुसरं २५७५. तिसरं २६१०. चौथं २६५५. प्रत्येक वेळी मनात लाडू फुटतायत, अजून शंभरच राहिले. पाचवं पाकीट, पहिला शॉट २६८८, दुसरा २६९४, मी हसतोय, आणि तिसऱ्यानंतर बोल्ट (रिकामी केस बाहेर काढायचा दांडा) उचलायला गेलो तर हँडल हलेना. म्हणजे अडकलं नाही, पण एरवी दोन बोटांनी उठतं ते तळहाताने ठोकून उठवावं लागलं. केस बाहेर काढून बुडाकडे बघितलं, इजेक्टरच्या (केस बाहेर फेकणाऱ्या खिळ्याच्या) भोकाचा गोल चकचकीत ठसा पितळावर उमटलेला, आणि प्रायमरच्या कडा सपाट, जणू कोणी नखाने दाबून बसवल्यासारख्या. ही सगळी जास्त प्रेशरची लक्षणं.

आणि गंमत म्हणजे हा चार्ज मॅन्युअलच्या कमाल आकड्याच्या अर्धा ग्रेन खालीच होता! पुस्तकाप्रमाणे मी सुरक्षित. पण क्रोनोप्रमाणे माझ्या २२ इंची नळीतून तेवढा वेग निघतोय जेवढा त्यांच्या कमाल चार्जला निघायला हवा, म्हणजे प्रेशरही तेवढंच झालेलं. स्पीड फुकट येत नाही, प्रेशरमधून येतो. माझ्या केसेस दुसऱ्या कंपनीच्या, जाड भिंतीच्या, आत जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूत जास्त दाब. ३०८ची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, तुमच्या गाडीच्या टायरात ३२-३३ असतो, आणि हे सगळं आपल्या गालापासून चार बोटांवर चालू असतं. उरलेले दोन मी झाडले नाहीत, घरी नेऊन हातोडीवाल्या पुलरने ठोकून गोळ्या काढल्या आणि दारू बाहेर ओतली. क्रोनो नसता तर बोल्ट कडक झाला म्हणून ऊन्हाला शिव्या घातल्या असत्या आणि "पुस्तकापेक्षा कमीच तर आहे" म्हणून पुढे गेलो असतो. माझ्या मते सहाशे डॉलर त्या एका दुपारी वसूल झाले.

आता टार्गेट. पाचव्या पाकिटाचे तीनच शॉट आणि तेही दोन इंचांपेक्षा जास्त पसरलेले. तिसरं पाकीट, ते सपक वाटणारं २६१०वालं, पाचही गोळ्या एका पाच रुपयांच्या नाण्याच्या आसपास. एनसीसीत आमचे उस्ताद पॉइंट बावीसच्या फायरिंगला ओरडायचे, "पहले ग्रुपिंग, बाकी बाद में". तेव्हा वाटायचं की त्यांना दुसरं वाक्य येत नाही.

८० फूट प्रति सेकंदाचा फरक म्हणजे काय ते मी नंतर बसून काढलं, कारण मनाला पटत नव्हतं. ताशी ८८ किलोमीटर होतात. ऐकायला केवढं वाटतं! पण दोन्ही लोड (म्हणजे गोळी-दारूची जोडी) २०० यार्डांवर झीरो केले, म्हणजे गोळी बरोबर तिथेच लागेल अशी दुर्बीण लावली, तर ३०० यार्डांवर त्यांच्यातला फरक पाऊण इंचापेक्षा कमी. हरणाचं काळीज-फुप्फुसाचं वर्तुळ साधारण आठ इंचांचं. आणि माझ्या रानात, जिथे मी बसतो तिथून, सगळ्यात लांबची मोकळी जागा १५० यार्ड. म्हणजे ज्यासाठी मी बोल्ट ठोकून उघडत होतो तो फायदा माझ्या रानात पोचतच नाही. गोळी उलगडायला लागणारा वेग पण बघितला, साध्या तांब्याच्या कव्हरवाल्या शिशाच्या गोळीला साधारण १८०० फूट असला की भागतं, आणि २६१० ने सुटलेली माझी गोळी ३०० यार्डांवरसुद्धा दोन हजारांच्या वर असते. मॅकग्रा ताशी १३०-१३५ ने टाकायचा आणि ५६३ टेस्ट विकेट घेऊन गेला, एवढंच म्हणतो.

पण एक खूळ उतरलं की दुसरं चढतं. आता स्पीड नको, आता एसडी. हा गार्मिनचा दोष म्हणा की गुण, प्रत्येक सेशनच्या खाली तो एसडी दाखवतो, म्हणजे वेग सरासरीपेक्षा किती इकडेतिकडे होतोय ते. आणि ईएस, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यातला फरक. माझ्या त्या लाडक्या तिसऱ्या पाकिटाची एसडी आली ७. सात! मी स्क्रीनशॉट काढून पाच जणांना पाठवला. दुसऱ्या आठवड्यात तोच लोड, तशाच दहा काडतुसांचा, एसडी २३ आणि ईएस ७१.

झोप उडाली. आधी वाटलं प्रायमर, मग वाटलं केसेसची लांबी, मग नेक टेन्शन (केसची मान गोळीला किती घट्ट धरते ते), मग वाटलं गार्मिनच चुकतोय. तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी काय निघालं तर वजनकाटा. स्वस्तातला छोटा डिजिटल काटा, नाव सांगत नाही, चाळीस डॉलरचा, दिसायला फार गोड. तळघरात एसीचं भोक त्याच्या बरोबर वर, आणि मी शेजारी फोन ठेवून क्रिकेट बघत दारू मोजत होतो. संशय आला म्हणून एकच गोळी पॅनवर ठेवून अर्धा तास नुसता आकडा बघत बसलो. १६५.०. १६५.१. एसी चालू झाला, १६४.७. एसी बंद, १६५.२. काटा डुलत होता, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून प्रत्येक केसमध्ये कधी पाव ग्रेन जास्त, कधी कमी घालत होतो. मापात पाप म्हणतात ते हेच, फक्त गिऱ्हाईकही मीच आणि वाणीही मीच.

मग शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गॅरेजमधून एक जुना दांडीचा तराजू आणून दिला, लोहचुंबकाने थांबतो तो, त्याला ना बॅटरी ना वायफाय. काचेच्या जुन्या फिश टँकमध्ये ठेवलाय आता, वारा लागू नये म्हणून. हळू आहे, पन्नास काडतुसांना एक अख्खी संध्याकाळ जाते, पण त्यानंतरच्या दहाची एसडी ११ आणि पुढच्या दहाची १२. म्हणजे तिसऱ्या पाकिटाची ती सात पण खोटीच होती, पाच शॉटमध्ये नशिबाने जवळजवळ पडलेले आकडे. तीन-पाच शॉटांच्या एसडीवर कोणी छाती फुगवत असेल तर त्याला प्रेमाने चहा पाजा आणि अजून दहा मारायला सांगा. ईएसचं तर अजून सोपं आहे, जेवढे जास्त शॉट तेवढा तो वाढतच जाणार, कमी कधीच होणार नाही.

आणि एवढं करून त्याचा हरणाशी संबंध किती? हे पण काढलं, कारण तोपर्यंत मला हिशोबाची चटक लागली होती. ईएस ५० धरा, म्हणजे बऱ्यापैकी गचाळ लोड. १०० यार्डांवर त्याने गोळी वरखाली होते दशांश इंच. २०० वर अर्धा इंच. ३०० वर साधारण एक इंच. १०० यार्डांवर टार्गेटला भोकं वरखाली पसरलेली बघून "एसडी जास्त आहे म्हणून" असं म्हणणारे लोक आहेत, मीही म्हणत होतो, ते गणितात बसत नाही, तिथे बहुतेक वेळा आपला खांदा असतो नाहीतर गोळी रायफलला आवडलेली नसते. हजार यार्डांवर लोखंडी पाटा वाजवणाऱ्यांना एसडी लागते. मी झाडाखाली थर्मास घेऊन बसणारा माणूस आहे.

गोळी आवडण्यावरून आठवलं. माझ्या रायफलमध्ये चार्ज अर्धा ग्रेन इकडेतिकडे केल्याने ग्रुप जेवढा बदलला त्याच्यापेक्षा किती तरी जास्त नुसती गोळी बदलल्याने बदलला. त्याच वजनाची, वेगळ्या कंपनीची, थोड्या वेगळ्या आकाराची गोळी, दीड इंचाचा ग्रुप अडीचवर. १५० ग्रेनवाली त्याहून जलद, शंभर फूट वर, आणि कागदावर जणू कोंबडीने दाणे टिपल्यासारखी भोकं. लोक "नोड" शोधतात, म्हणजे असा चार्ज जिथे वेग वाढत नाही आणि ग्रुप आपोआप आवळतो, मीही ग्राफ काढले, एक सपाट जागा सापडली पण, तोच प्रयोग पुन्हा केला तर ती सपाट जागा दुसरीकडे गेलेली. माझं मत विचाराल तर पाच-पाच शॉटात दिसणारा नोड म्हणजे ढगात दिसणारा हत्ती. चांगली गोळी निवडा, कमालच्या बऱ्यापैकी खाली राहा, काटा नीट ठेवा, दहा मारून बघा. दहाचा ग्रुप दीड इंचाच्या आत आला की प्रेसला झाकण घाला. माझा आला १.३.

एक गोष्ट मात्र क्रोनोशिवाय कळली नसती ती थंडीची. लोड बनवायचा उन्हाळ्यात आणि वापरायचा नोव्हेंबरात, आणि काही पावडरी थंडीत चांगल्याच मंदावतात, उलट जी थंडीत बसवली ती उन्हाळ्यात प्रेशर चढवते. मी हॉजडनची व्हार्गेट वापरतो, ती तापमानाला फारशी दाद देत नाही म्हणून प्रसिद्ध आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे रेंजवर गेलो, १५ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे उणे ९, काडतुसं रात्रभर गाडीतच ठेवलेली. सरासरी २५८८. ऑगस्टपेक्षा बावीस फूट कमी, बोल्ट दोन बोटांनी उठतोय, झीरो तिथेच. बोटं मात्र एवढी गारठली की बटण दाबायला नाक वापरलं. बटणं मोठी आहेत, हा एक प्लस पॉइंट लिहून घ्या.

सीझनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला एक मादी आली, ९० यार्ड, ओकच्या झाडांमधून, थांबली, आडवी उभी राहिली. एक शॉट. चाळीसेक पावलं धावली आणि बसली. त्या क्षणी गोळी २५८८ ने गेली की २६९० ने, मला काही सुचलं पण नाही, क्रोनो घरी कपाटात होता. मानेजवळच्या गाठींचं सॅम्पल तपासणीला दिलं, इथे २००२पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडतोय, रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये आणि आम्ही डाळभातावर. रिपोर्ट चांगला आला त्या रविवारी बायकोने कांदा-लसूण मसाला घालून सुकं केलं, भाकरी केली, आणि आजोबांना बोलावलं. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग दोन ग्लास ताक प्यायले.

त्याच संध्याकाळी त्यांना गार्मिन दाखवला. ते तीस-पस्तीस वर्षं एकाच ३०-०६ रायफलमध्ये दुकानातून आणलेली एकाच प्रकारची काडतुसं वापरतात, एक डबी आणली की पाच झीरोला आणि उरलेली पंधरा पुढच्या वर्षांनाही पुरतात. पुढच्या शनिवारी रेंजवर मोजलं. डबीवर २७०० लिहिलेलं, आले २६१०, त्यांचीही नळी २२ इंची. मी म्हटलं, नव्वद कमी भरले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, इतक्या वर्षांत एकाही हरणाने तक्रार केली नाही.

आता घ्यावा का. वर्षातून एक डबी झाडणार असाल तर अजिबात नको, त्या पैशात पंधरा-वीस डब्या येतील. घरी भरत असाल तर प्रेसनंतर आणि चांगल्या तराजूनंतर लगेच हाच घ्या, महागड्या डाय आणि बाकीच्या चकचकीत वस्तू नंतर. बॅटरी आतच बसवलेली आहे, बदलता येत नाही, हे ध्यानात असू द्या. दोन-तीन मित्रांत मिळून घेतला तर उत्तम, रोज लागत नाही, आमचा सध्या तीन घरांत फिरतोय. फक्त ज्या दिवशी नुसता ग्रुप बघायचा असेल त्या दिवशी स्क्रीन उलटी फिरवून ठेवा, आकडा दिसला की हात आपोआप पावडरच्या डब्याकडे जातो, स्वानुभव आहे.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा किमतीचा कापलाय, तोही बायकोने.